डहाळीवरचा दगड

प्रदीपने मला खोटी वाट सांगितली ती एका खेळात, टीव्हीच्या पडद्यावर, आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत. एवढ्याशा गोष्टीवरून इतकी वर्षं कोणी डूख धरून बसतं का, असं शाळेतल्या मैत्रिणींनी मला विचारून झालं आहे. मी बसले. मला माणसांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण कोणी मला कुठे आणि कसं हसलं ते मी झोपेतून उठूनही सांगेन. हा स्वभाव चांगला नाही हे मला कळतं. तो बदलावा असं मात्र कधी मनापासून वाटलं नाही, आणि आज जे लिहायला बसले आहे तेही त्याच स्वभावापायी.

माझे बाबा दरेकसा स्टेशनात काटेवाले होते. गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालणारा तो काटेवाला. स्टेशन एवढंसं, तीन बाजूंनी डोंगर आणि जंगल, आणि रुळापासून वीस पावलांवर आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. मालगाडी गेली की मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या आणि माय बोलता बोलता थांबायची. गाडी गेली की वाक्य जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू. अजूनही ती कधी कधी बोलताना मध्येच उगाच थांबते, आणि मला कळतं की तिच्या कानात गाडी जाते आहे. बाबा कमी बोलायचे. ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन बासी भात, कच्चा कांदा आणि आंब्याचं रायतं खायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. हिरवा म्हणजे हिरवा, लाल म्हणजे लाल, एवढंच त्यांचं जग होतं. दुकानदाराने 'उद्या ये' म्हटलं आणि उद्या दुकान बंद निघालं, तर ते त्या दुकानात पुन्हा पाय ठेवायचे नाहीत. माझा स्वभाव आईवर गेला की बाबांवर, हे मला फार उशिरा कळलं, पण ते पुढे येईल.

उन्हाळा म्हणजे तेंदूपत्ता. पहाटे उजाडायच्या सुमारास बायका जंगलात निघायच्या, ऊन चढायच्या आत पानं तोडून यायच्या, आणि मग दुपारभर दारात बसून पानांचे पुडे बांधत गप्पा. आमच्या टोळीच्या पुढे सोनाबाई असायची. ती जवळच्याच गोंड टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, वयाने मायपेक्षा मोठी, आणि कोणत्या बाजूचं पान आज तोडण्याजोगं झालं आहे हे तिला आदल्या दिवशीच्या वाऱ्यावरून कळायचं म्हणे. त्यामुळे रोज जागा बदलायची. मागून येणाऱ्यांना कसं कळणार? त्यासाठी डहाळी. जिथे वाट फुटते तिथे पुढे गेलेल्याने हिरवी डहाळी तोडून चुकीच्या वाटेवर आडवी टाकायची. डहाळी दिसली की इकडे जायचं नाही, दुसरी वाट धरायची. हाका मारायच्या नाहीत, थांबायचं नाही. डहाळी टाकायचं काम माझं होतं, कारण मी सोनाबाईच्या पायाशी पाय लावून चालायचे. कशी टाकायची ते मायने शिकवलं होतं. "नुसती टाकशील तं गाय येईन, हवा येईन, सरकून जाईन. त्याच्यावर एक दगड ठेवत जाय." बाकी कोणी दगड ठेवत नसे. मी ठेवायचे.

त्या उन्हाळ्यात आत्याबाई गोंदियाहून आल्या आणि सोबत त्यांचा प्रदीप. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, दहावीला बसलेला, केसांना तेल न लावणारा. त्याच्या काखेत एक राखाडी डबा होता. टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम. आमच्याकडे काळा-पांढरा टीव्ही होता, आणि स्टेशनमुळे वीज बाकी गावापेक्षा बरी असायची. डब्यासोबत कॅसेट एकच. तिच्यावरचं चित्र फाटलेलं, आणि खेळात येणारी अक्षरं कुठल्या देशाची ते देवाला ठाऊक. माहितीचं पुस्तक होतं म्हणे, ते गोंदियालाच राहिलं. आम्ही त्या खेळाला भुयार म्हणायचो. एक ठेंगणा माणूस हातात कंदील घेऊन भुयारात शिरायचा. थोडं चाललं की फाटा, दोन तोंडं. बरोबर तोंडात गेलं तर पुढे. चुकीच्या तोंडात गेलं तर खाली खड्डा, आणि सगळं पहिल्यापासून. डाव सुरू होताना तीन कंदील मिळायचे. मधलं बारकं बटण दाबलं की कुठून तरी एक पाखरू उडत यायचं आणि बरोबर तोंडावर जाऊन बसायचं, पण त्या बदल्यात एक कंदील विझायचा. तिन्ही विझले की नुसता अंधार आणि त्या माणसाचे दोन डोळे.

मी पाखराला बोलवायचे नाही. पहिल्या दिवसापासूनच नाही. ते येऊन बसलं की मला अपमान झाल्यासारखं वाटायचं. प्रदीपची गोष्ट वेगळी. तो पाखरू सर्रास बोलवायचा, आणि वर दुसऱ्याच्या खेळात स्वतः पाखरू व्हायचा. मी फाट्याशी थांबले, दोन्ही तोंडांकडे बघत विचार करायला लागले, की त्याचा हात आलाच. "अरे ला इधर, मी काढून देतो." माझ्या हातातून बटणांचं खेळणं जायचं, माणूस फाटा पार करायचा आणि मग ते माझ्या हातात परत यायचं. मी तिथे नव्हतेच. बाकीची पोरं म्हणायची, किती चांगला आहे तुझा दादा, मदत करतो. मला त्या मदतीचा इतका संताप यायचा की मी जेवताना त्याच्याकडे बघायचे नाही.

आजकालचे खेळ मी बघते. मला नातवंडं नाहीत, पण चुलत-आते-मामे मिळून घरात पोरांची कमी नाही, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. त्या खेळांत जमिनीवर सोनेरी रेघ पडते. रेघेवरून चालत जायचं. वर बाण, बाजूला नकाशा, आणि जरा उभं राहिलं की कोणी तरी गोड आवाजात सांगतं, तिकडे जा, तो दरवाजा उघड. माणूस चुकतच नाही. मग जिंकल्याचं काय, ते मला समजत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: विचारलं तर सांगावं, न विचारता हात घालू नये, आणि सांगितलं तर खरं सांगावं. त्या फाटक्या कॅसेटमधल्या पाखराचे मी एकदा सोडून कधी पाय धरले नाहीत, पण त्याला मी आजही मानते. ते फुकट येत नव्हतं, बोलावल्याशिवाय येत नव्हतं, आणि एकदाही खोट्या तोंडावर बसलं नाही.

सुट्टी सरत आली तेव्हा प्रदीपने जाहीर केलं, की जो कोणी शेवटच्या दारातून बाहेर पडेल त्याच्याकडे डबा दिवाळीपर्यंत राहील. तो स्वतःही कधी शेवटपर्यंत गेल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं, पण तो म्हणायचा, गोंदियाला दोनदा गेलोय. मला डबा हवा होता. खरं म्हणजे डब्यापेक्षा मला तो त्याच्या हातातून घ्यायचा होता. प्रदीप झोपलेला असायचा त्या दुपारी मी खेळायचे, आणि पडले की उठून चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ पुढे काढायचे. फाटा, डावं, उजवं, खड्डा, पुन्हा फाटा. रोज थोडी वाढ. माय सैंपाक करता करता त्या रेघांकडे बघायची. एकदा तिने विचारलं, "हे कोन्या गावाची वाट होय वो बाई?" मी म्हटलं, आहे एक. ती हसली आणि त्या उन्हाळ्यात तिने ती भिंत सारवली नाही.

प्रदीप दुसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरने जाणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर बसले. आत्याबाई होत्या, शेजारच्या क्वार्टरमधली दोन माणसं होती, पोरं तर होतीच. माय चुलीपाशी, पण दार उघडं ठेवून. मी भिंत पाठ केली होती. एकामागून एक फाटे काढत गेले, तिन्ही कंदील पेटलेले, आणि मागे बसलेली माणसं हळूहळू पुढे सरकली. मालगाडी आली, पडद्यावर पट्टे आले, मी डोळे न हलवता थांबले, गाडी गेली, पुढे निघाले. आणि मग असा फाटा आला जो भिंतीवर नव्हता. दोन मोठी दारं, आणि वर ती परकी अक्षरं. हेच शेवटचं. मी सवयीने नव्हे, घाबरून, पहिल्यांदा ते मधलं बटण दाबलं. एक कंदील विझला. पाखरू आलं नाही. बहुतेक शेवटच्या फाट्यावर ते यायचंच नाही. तेव्हा प्रदीप माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. हात घातला नाही. अगदी हळू, भावासारखा म्हणाला, "उजवीकडे जा इंदू. मी पाहिलंय."

मी उजवीकडे गेले. माणूस खड्ड्यात पडला.

प्रदीप हसला. पोट धरून हसला. "अरे पगली, गेम में कोई किसी की सुनता है क्या? जंगल की लड़की!" बाकीचे त्याच्या हसण्याला हसले. आत्याबाई हसल्या. शेजारचेही. मी चुलीकडे पाहिलं तर माय पाठमोरी झाली होती. प्रदीपने डब्याच्या वायरी काढल्या, गुंडाळल्या, आणि डबा पिशवीत घातला. मी त्या रात्री जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही, फक्त मायने सकाळी निघताना माझ्या हातात भाताचा एक मोठा गोळा ठेवला आणि चुलीकडे वळली.

त्या सकाळी माय येणार नव्हती. प्रदीपच्या वाटेसाठी तिला लाखोरीच्या डाळीचे वडे करायचे होते. प्रदीपला मात्र जायच्या आधी एकदा पानं तोडायची मजा बघायची होती. तो उठणार उशिरा, मागून एकटा येणार. मायने त्याला आठवडाभर आधीच समजावून ठेवलं होतं, "डहाळी आडवी दिसली तं तिकडं जाचं नाही, बाबू." तो खेळता खेळता "हाव मामी, हाव मामी" म्हणाला होता. मी हे ऐकलं होतं. बेहड्याच्या मोठ्या झाडाखाली वाट फुटते. एक वाट वर टेकाडावर जाते, त्या दिवशी पानं तिकडेच होती. दुसरी खाली झिऱ्याकडे उतरते, दगडधोंड्यांतून, आणि उन्हाळ्यात पाणी तेवढंच असल्याने तिथे अस्वल येतं. मला ते माहीत होतं. आता खोटं कशाला लिहू. अस्वल सकाळचं नसतं, असं मी मनाला सांगितलं. तो भटकेल, घाबरेल, हाका मारेल, त्याची गाडी चुकेल, आणि मी सगळ्यांसमोर हसेन. त्या दिवशी मी मुद्दाम मागे रेंगाळले; सोनाबाई आणि बाकीच्या बायका वर गेल्या होत्या, मागून येणारा एकटा प्रदीपच होता. मी डहाळी तोडली, टेकाडाच्या वाटेवर आडवी टाकली, आणि हात सवयीने खाली गेला. तिच्यावर दगड ठेवला.

पानं तोडताना माझे कान खाली झिऱ्याकडे होते. तासाभराने मागे पाचोळा वाजला आणि प्रदीप वर आला. हसत, तोंडाभोवती टेंभराचा, म्हणजे तेंदूच्या फळाचा, पिवळा चिकट रस, अगदी बरोबर वाटेने. मी बघतच राहिले. शहरातल्या माणसाला डहाळी म्हणजे वाटेवर पडलेलं झाड. तो तिच्यावरून पाय टाकून आला होता. मला इतका राग आला की हातातली पानं चुरगळली. सूड घ्यायलाही समोरच्याला आपली भाषा यावी लागते, हे मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त दात खात पानं तोडत राहिले.

आम्ही टेकाडाच्या पलीकडच्या उताराने परत आलो तेव्हा चुलीजवळ परातीत वडे झाकलेले होते आणि माय नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, "वहिनी तर तुमच्या मागेच गेली. पोरगं पाणी न घेता गेलं म्हणून बाटली घेऊन." मला तेवढ्यात सगळं दिसलं. माय बेहड्याखाली आली, डहाळी पाहिली, तिच्यावरचा दगड पाहिला, लेकीच्या हातचा, आणि एक क्षणही न थांबता झिऱ्याकडे उतरली. मी ओरडत धावले. माझ्यामागे सोनाबाई, तिच्यामागे सगळ्या. झिऱ्याच्या वरच्या खडकांत ती सापडली. अस्वलाला पाहून पळताना खाली पडली होती, आणि गुडघा नको तिकडे वळला होता. शुद्धीवर होती. हातात पाण्याची बाटली तशीच. "पदीप पोहोचला का?" हे तिने पहिलं विचारलं.

बाजेवर घालून तिला स्टेशनात आणलं. गाडीला वेळ होता. बाबा ड्युटी दुसऱ्याला देऊन धावत आले, मायकडे बघितलं, आणि सोनाबाईला विचारलं, "झिऱ्याकडं काऊन गेली ते?"

"डहाळी टेकाडावर व्हती म्हनते. पन पोट्टी तं रोज बरोबरच टाकते."

प्रदीप मध्येच म्हणाला, "मामा, ऊपर वाले रस्ते पे एक डाली पड़ी थी. मैं तो लांघ के आ गया." अगदी साध्या मनाने म्हणाला. त्याला त्यात काही आहे हे माहीतच नव्हतं.

बाबा माझ्याकडे वळले. "इंदे. तू कोन्या वाटेवर टाकली व्हती?"

प्लॅटफॉर्मवर सगळे होते. माय बाजेवर डोळे मिटून. मी प्रदीपकडे बघितलं, त्याच्या हनुवटीवर अजून टेंभराचा रस होता, आणि मी म्हटलं, "झिऱ्याच्या."

बाबांनी प्रदीपच्या कानशिलात अशी लगावली की तो दोन पावलं मागे गेला. आयुष्यात त्यांनी मला किंवा कोणाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. "मस्करी करते? डहाळी इकडची तिकडं करते? काटा देनाऱ्याले मागून कोन येऊन राहिलं ते दिसत नाही रे! त्याच्या भरोशावर गाडी येते!" प्रदीप गालावर हात धरून म्हणत राहिला, मैंने नहीं किया मामा, मैंने कुछ नहीं किया. आत्याबाई रडायला लागल्या. आणि मला, माझी माय बाजेवर पडलेली असताना, आनंद झाला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. गाल सुजलेला बघून मला आत गार वाटलं, इतकं बरं मला त्या सबंध सुट्टीत वाटलं नव्हतं.

मायचा गुडघा पुढे कधी नीट वाकला नाही. गोंदियाला दवाखान्यात महिनाभर राहून ती आली ती काठी घेऊन. आत्याबाईंचं येणंजाणं बंद झालं. डबा त्या गडबडीत आमच्याकडेच राहिला आणि कोणी मागायला आलं नाही. दिवाळीत मी तो एकदा जोडला. भिंतीवरून बघत शेवटच्या दारापर्यंत गेले आणि डाव्या दारात शिरले. माणूस बाहेर उजेडात आला, चार अक्षरं झळकली, घंटेसारखं काही वाजलं, आणि पडदा काळा झाला. मी मागे वळले तर माय काठी भिंतीला लावून, एक पाय लांब सोडून, चुलीपाशी बसायचा प्रयत्न करत होती. मी डबा पेटीत टाकला. पुढे तो भंगारात गेला.

बाबा गेले ते प्रदीपनेच डहाळी सरकवली असं मानून गेले. मी सांगू शकले असते. पुष्कळ संध्याकाळी ते आणि मी दोघंच असायचो. प्रत्येक वेळी मला तो उकिडवा बसलेला प्रदीप आठवायचा, तो हळू आवाज, "मी पाहिलंय", आणि तोंड मिटायचं. मला वाटायचं, मायचा गुडघा त्यानेच मोडला. त्याने खोटं सांगितलं नसतं तर मी डहाळी फिरवली नसती. हिशेब सरळ होता, निदान माझ्या बाजूने.

त्याच्या बाजूने काय झालं ते असं. बाबा गेल्यावर तो आला, आणि मग दर उन्हाळ्यात यायला लागला. आता आम्ही सालेकशाला राहतो, मी इथल्या शाळेत शिकवते, माय थकली आहे. तो येताना पिशवीतून तेलाची बाटली आणतो, जमिनीवर बसतो आणि मायचा गुडघा मांडीवर घेऊन चोळतो. स्वतःचा मुलगाही करणार नाही असं. मी दारातून बघते आणि मला चीड येते. कोणी आपल्याकडे पापाची भरपाई करत असेल आणि ते पाप त्याचं नसेल, तर ते बघणं किती अवघड असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

या मे महिन्यात तो नातीला घेऊन आला. परी, सात वर्षांची. तिच्या फोनवर एक मुलगी सोनेरी रेघेवरून जंगलात चालली होती. मी म्हटलं, "ही रेघ बंद होत नाही का गं?"

"होते ना आजी. पण मग मी हरवते."

"मग हरव की."

प्रदीप तेल चोळता चोळता म्हणाला, "राहू दे इंदू. अच्छा है ना, बच्चे भटकते नहीं. आपल्या वेळी असतं तर..." आणि थांबला. परीने मात्र हट्टाने रेघ बंद केली होती. दोन मिनिटांत एका फाट्याशी अडकली आणि फोन आजोबांसमोर धरला. "नाना, डावीकडे की उजवीकडे?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. सगळं आयुष्य मी या क्षणाची वाट बघत होते असं मला वाटलं. "विचार गं त्यांनाच," मी म्हटलं. "त्यांनी पाहिलंय."

त्याचा हात मायच्या गुडघ्यावर थांबला. त्याला आठवलं. चेहरा उतरला. परीच्या फोनकडे बघत तो म्हणाला, "मला माहीत नाही, बेटा. तू बघ." परी तोंड वाकडं करून अंगणात गेली. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तेव्हाही माहीत नव्हतं इंदू. मी तिथवर कधी गेलोच नव्हतो. सगळ्यांसमोर 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली. तू पडलीस तर घाबरलो, म्हणून हसलो. डावं होतं का?"

"डावं होतं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "आणि एक विचारू? इतकी वर्षं विचारायचं होतं. मी ती डहाळी लांघून आलो एवढंच मला आठवतं. पण कदाचित माझ्या पायाने सरकली असेल. मामा म्हणाले तसं. मला आता कळत नाही. तू पुढे होतीस. तू पाहिलं होतंस का काही?"

माय डोळे मिटून पडली होती. माझ्या तोंडात ते होतं, जिभेवर होतं. पण जो माणूस आताच खरं बोलला त्याच्यापुढे स्वतःचा खोटेपणा कबूल करायचा तर आधी इतक्या वर्षांचा राग खाली ठेवावा लागतो, आणि मला तो ठेवता आला नाही. मी म्हटलं, "आठवत नाही रे दादा." तो "हां" म्हणाला आणि पुन्हा चोळायला लागला.

दुपारच्या गाडीने तो आणि परी गेले. मी दार लावून आत आले तर माय उठून बसली होती, दोन्ही हातांनी पाय उचलून खाटेखाली सोडत होती.

"सांगून टाकाचं व्हतं ना वो बाई त्याले," ती म्हणाली.

मी उभीच राहिले. "काय सांगायचं?"

"डहाळीवर दगड व्हता. कोनाच्या पायानं सरकली असती तं दगड वरतं कसा राहीन? दगड तूच ठेवते. दवाखान्यात ऐकलं का याले मारलन, तवाच मले समजलं."

"मग तू कधी बोलली काऊन नाही?" माझा आवाज चढला. "बाबांना? त्याला? तो इथे बसून तुझा पाय दाबतो इतकी वर्षं, आणि तू दाबू देतेस?"

मायने काठी घेतली, टेकवली, पण उठली नाही. बोलायला तोंड उघडलं आणि ती मध्येच थांबली. या वेळी कोणती गाडी गेली मला माहीत नाही.

"त्यानं माझ्या पोरीले सगळ्याईसमोर रडवलं व्हतं," ती म्हणाली. "मी चुलीपासून पाहून राहिली व्हती. मले बी राग आला व्हता."

मग तिने काठीने टेबलावरच्या माझ्या फोनकडे दाखवलं. "आता पुरे झालं. लाव."

मी लावला. तिसऱ्या घंटेला त्याने उचलला, मागे गाडीचा आवाज आणि परीची कसलीशी कुरकुर. "बोल इंदू," तो म्हणाला, "काही राहिलं का?"